धूर भरपूर नको, स्वच्छ हवा

मा. संपादक,
सस्नेह जय भीम.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मटण, धुरावर शिजवण्याची कृती आली. एका मराठी वर्तमानपत्राने मोठ्याच्या, म्हणजे गुरांच्या, मटणाला नाक न मुरडता अर्धं पान दिलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पण त्या कृतीतली दोन वाक्यं तशीच सोडून देणं मला जमणार नाही. ‘लाकूड रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे भरपूर धूर होईल’ हे एक. ‘लाकूड न मिळाल्यास पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्याही चालतील’ हे दुसरं. पहिलं ऐकलं तर महागामोलाचं मटण कडू होतं. दुसरं ऐकलं तर खाणारा आजारी पडू शकतो.

मी भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालो. नोकरीची सुरुवातीची वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून काढली. आगीचं आणि धुराचं मला जे काही कळतं ते तिथलं. त्या काळी फायरमनची पारख चिमणीकडे बघून होत असे. काळा लोट निघाला की ड्रायव्हर खेकसायचा, ‘कोळसा जाळतोस का उधळतोस?’ कारण काळा धूर म्हणजे न जळता बाहेर गेलेला कोळसा. म्हणून फावडं अर्धंच भरायचं, कोळसा पातळ पसरून टाकायचा, फायरबॉक्सचं दार बोटभर उघडं ठेवून वरून हवा द्यायची आणि चिमणीवर नजर ठेवायची. धूर विरत विरत फिकट झाला की पुढचं फावडं. एकदम ढीग ओतला की आग दबायची, वाफ उतरायची आणि चढावर गाडी धापा टाकायला लागायची.

लाकडाची गत वेगळी नाही. ओलं लाकूड जाळात घातलं की आधी त्यातलं पाणी उडायला आगीची सगळी उष्णता खर्च होते. जाळ मरतो, लाकूड नुसतं धुमसत राहतं आणि पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा धूर येतो. त्यात डांबरासारखा चिकट अंश आणि काजळी असते. तीच मटणावर बसते आणि जीभ बधिर करणारा कडूपणा येतो. सुक्या लाकडाला नीट ज्योत लागली की धूर इतका पातळ होतो की उन्हात तो निळसर दिसतो, कधी कधी दिसतही नाही. नवख्याला वाटतं आग विझली. पण चव त्याच धुरात असते. लाकडाला टणकपणा देणारं त्यातलं लिग्निन चांगल्या आचेत फुटून जे सुवासिक पदार्थ तयार होतात, ते दिसण्यासारखे नसतातच.

शंका असेल तर एक करून बघावं. स्टीलची स्वच्छ ताटली चिमट्यात धरून धुराच्या तोंडाशी चार-पाच मिनिटं ठेवावी. गार झाली की बोट फिरवावं. बोटाला तपकिरी, चिकट थर लागला आणि नाकाला झोंबला, तर मटण अजून आत ठेवू नये. हवा वाढवावी, लाकूड बारीक करावं. ताटली जवळपास कोरडी राहिली आणि वास गोडसर आला, तर आग तयार आहे.

आपल्या लेखिकेने भरीताचा दाखला दिला आहे की खान्देशात धुराची चव सगळ्यांना ठाऊकच आहे. ठाऊक आहे, खरंच आहे. बामणोदची हिरवी, लांबट वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या भडक्यात टाकायची, सगळीकडून काळी होऊ द्यायची, हे इथल्या पोरासोरांना येतं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण वांगं भाजल्यावर आपण त्याची साल काढून टाकतो. काजळी, राख, कडूपणा, सगळं सालीबरोबर जातं आणि आतल्या गराला फक्त वास उरतो. मटणाला साल नसते. वर जे बसेल ते पोटात जाणार. म्हणून भरीताचा धूर मटणाला लावता येत नाही, आणि कपाशीच्या काड्या तर मुळीच नकोत. कपाशीवर किती फवारण्या होतात हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

मुलगा अमेरिकेत ऑस्टिनला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा जवळच्या लॉकहार्ट गावात त्याने मला नेलं. टेक्सासच्या विधिमंडळाने बार्बेक्यूची, म्हणजे धुरावर शिजवलेल्या मटणाची, राजधानी म्हणून गौरवलेलं हे गाव. विटांची लांबलचक भट्टी, एका टोकाला उघड्यावर ओकचे ओंडके जळतायत, मटण पार पलीकडे, जाळाचा स्पर्शही नाही. भट्टीवाला एक ओंडका सरकवायचा आणि बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचा. त्याची भाषा मला येत नव्हती, पण तो काय बघतोय हे मला चांगलं कळत होतं. मुलगा आत जेवायला बोलावत होता आणि मी तिथेच उभा होतो.

तिथे हे मटण श्रीमंतांचं म्हणून सुरू झालं नाही. जर्मन आणि चेक लोक एकोणिसाव्या शतकात तिकडे जाऊन वसले, त्यांच्या खाटीकखान्यांतून मांस धुरावर टिकवण्याची रीत आली, आणि छातीचा तुकडा स्वस्त होता कारण तो चिवट. आमच्या वस्तीतही मोठ्याचं मटण स्वस्त म्हणूनच यायचं. आजी लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर चान्या वाळवायची. पावसाळ्यात त्या चुलीवर टांगलेल्या असायच्या आणि निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर मिळायच्या. आपल्या लेखात ब्रिस्केट ही ‘महानगरी तरुणाईची नवी आवड’ म्हटली आहे. आमच्या घरांत हे मांस पिढ्यान्‌पिढ्या शिजतं आहे, एवढी नोंद आपण घ्यावी.

खाटकाकडे सीना मागावा, म्हणजे हाच छातीचा तुकडा. आपल्या राज्यात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच, आणि २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा सीना म्हशीचाच, परवानाधारक दुकानातून, आणि पावती घेऊन. पावतीचं मी मुद्दाम लिहितो. ती खिशात असू द्यावी, घरी येईपर्यंत फेकू नये.

सीना चिवट का, तर गुरांना हासळीचं हाड नसतं. पुढच्या अंगाचा बहुतेक भार छातीच्या स्नायूंनाच पेलावा लागतो. जो स्नायू दिवसभर राबतो त्यात कोलॅजनचे धागे भरपूर असतात. मंद आचेवर तासन्‌तास राहिले की हे धागे वितळून त्यांचं जिलेटिन होतं. पायाच्या सूपने ओठ चिकटतात ना, ते जिलेटिनच. घाईच्या आचेवर मात्र मटणातलं पाणी आधी निघून जातं आणि धागे तसेच राहतात. म्हशीच्या मटणात आतली चरबी कमी असते, त्यामुळे टेक्सासची कृती जशीच्या तशी चालवू नये. वरची चरबी पाव इंच ठेवावी, आणि खाटकाकडून जास्तीची चरबी मागून पातळ बाजूवर पसरावी. वर मीठ आणि भरड मिरी, बाकी काही नाही. लेखात काळा मसाला चोळायला सांगितलाय. आपला काळा मसाला आधीच खमंग भाजलेला असतो, दहा तासांच्या आचेत तो करपतो. त्याचा रस्सा वेगळा करावा, तो बरोबर फार छान लागतो.

लाकडाचं म्हणाल तर टेक्सासचा ओक इथे कुठून आणणार? पण तिकडे मेस्किट नावाचं काटेरी झाडही जाळतात, आणि नदीकाठी, पडीक रानात माजलेली आपली वेडी बाभूळ त्याच कुळातली आहे. तिची आच कडक आणि वास उग्र, म्हणून ती थोडीच वापरावी. मी पेरू आणि आंबा पसंत करतो. बागेतली छाटणी सहा-आठ महिने सावलीत सुकवावी, मनगटाएवढे तुकडे करावे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज यायला हवा. कडुनिंब कडू. कण्हेर विषारी, तिचा धूरसुद्धा. कुंपणाची छाटणी सरपणात मिसळली नाही ना, हे बघून घ्यावं.

आणि आता खोक्यांच्या फळ्या. त्यांवर रंग, गोंद, कीड मारायचं रसायन, काय काय असेल ते कुणाला माहीत नसतं. आमच्या रेल्वेच्या गावात याहून मोठा धोका आहे. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर अजून कित्येकांच्या अंगणात, गोठ्यात, पडवीत पडलेले आहेत. लाकूड पक्कं, सुकं, वर्षानुवर्षांचं, जळतंही जोरात. म्हणून लोक ते सरपणाला काढतात. ते स्लीपर किडू नयेत म्हणून क्रिओसोटमध्ये मुरवलेले असत. कोळशाच्या डांबरापासून काढलेलं हे तेल लाकडाच्या आतपर्यंत गेलेलं असतं आणि वरून तासूनही जात नाही. त्यावर चहाचं आधणसुद्धा ठेवू नये, मटण तर दूरच. दगडी कोळसाही नको. त्यात गंधक असतं. इंजिनात कोळसा फेकलेला माणूस हे सांगतोय.

भट्टीला दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम पुरतो. भंगारवाल्याला आधी विचारावं की आत काय होतं. खाद्यतेलाचा असेल तर उत्तम, कीटकनाशकाचा असेल तर कितीही स्वस्त मिळो, नको. आधी रिकाम्या ड्रममध्ये मोठा जाळ करून आतला रंग पार जाळून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेली जाळी किंवा पत्रा आत वापरू नये, तापला की त्याची वाफ बाधते. खाली हवेला भोक, वर धुराला भोक. वरचं कायम उघडं, आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकाने. इंजिनाच्या डॅम्परचं, म्हणजे हवेच्या झडपेचं, कामही हेच. ड्रम उघड्यावरच हवा. थंडी आहे म्हणून खोलीत किंवा बंद गच्चीत पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आतली आच ११० ते १३० अंश सेल्सिअस ठेवावी. किलोमागे अडीच-तीन तास धरावेत, पण भरवसा घड्याळावर ठेवू नये, मटणात खुपसायच्या तापमापकावर ठेवावा. मटण ६५ ते ७५ अंशांवर आलं की पारा अडतो, तास-दोन तास, कधी चार तास हलत नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते आग भडकवतात. मटणाला घाम सुटलेला असतो आणि तो उडताना मटण गार करत असतो, माठातलं पाणी गार राहतं तसंच. टेक्सासवाले या वेळी ते कागदात गुंडाळतात. आमच्याकडे रावेर, यावल, सावद्याच्या केळीबागा उशाशी असताना कागद कशाला? केळीची दोन मोठी पानं जाळावर फिरवायची, ती तेलकट हिरवी होऊन मऊ पडली की मटण त्यांत घट्ट बांधायचं. घाम उडणं थांबतं आणि पारा पुन्हा चढायला लागतो. आत ९५ अंशांच्या आसपास आलं, आणि सळई लोण्यात जावी तशी गेली, की उतरवावं. मग पानासकट कापडात गुंडाळून निदान तासभर तसंच राहू द्यावं. कापताना धाग्यांना आडवं.

कापल्यावर कडेला गुलाबी पट्टी दिसते. ‘गुलाबी दिसल्यास पुन्हा शिजवावे’ असं लेखात आहे, त्याची गरज नाही. जळत्या लाकडातला नायट्रिक ऑक्साइड वायू मटणाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला धरून ठेवतो, म्हणून तो रंग शिजल्यावरही जात नाही. ९५ अंशांवर गेलेलं मटण कच्चं नसतं.

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना भुसावळात कुणी हे करणार नाही. पण कार्तिक लागला की शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि यंदा आपला लेख वाचून काही पोरं वांग्यांबरोबर सीनाही घेऊन जातील याची मला खात्री आहे. त्याआधी आपण पुरवणीच्या पहिल्या पानावर, चौकटीत, दुरुस्ती छापावी ही कळकळीची विनंती. ‘लाकूड सुकं, फळाच्या झाडाचं, खोक्यांच्या फळ्या आणि रेल्वेचे स्लीपर जाळू नयेत’ एवढं आलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त लोको फायरमन, भुसावळ