संकासुराने जोक मारावेत, पण शेवटी मरायचंच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऑनलाइन गेमिंगवरचा लेख वाचला आणि खरं सांगतो, हातातला चहा थंड झाला. रमी, पैसे लावायचे ॲप आणि आम्ही जे रोलप्ले करतो ते, म्हणजे गेममधलं एखादं पात्र बनून बोलणं-वागणं, सगळे एकाच माळेचे मणी करून टाकलेत. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यातसुद्धा पैशाचे खेळ वेगळे काढलेत, पण ते जाऊ दे. डोक्यात गेलं ते एक वाक्य, की रोलप्लेमध्ये कुणीही काहीही बनतो, नियम वगैरे काही नसतात. अहो उलट आहे, आमची निम्मी भांडणं नियमांवरूनच होतात!

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळतो. २००४ चा ऑनलाइन गेम, आमच्या ग्रुपमधली एक-दोन पोरं त्याच्यापेक्षा थोडीच मोठी असतील. त्यात काही सर्व्हर खास रोलप्लेवाल्यांचे असतात, आमचा युरोपातला आहे त्यामुळे तिकडे रात्रीची जेवणं झाली की आपल्याकडे साडेबारा-एक वाजतात आणि घरात बोलणी खावी लागतात. करतो काय, तर मारामारी आणि खजिना बाजूला ठेवून चार-पाच जण एका गुत्त्यात जाऊन बसतो आणि आपापल्या पात्राच्या तोंडून टाइप करत गप्पा मारतो. माझा एक ड्वॉर्फ आहे, म्हणजे बुटका दाढीवाला, वाइल्डहॅमर जमातीचा, ग्रिफिनच्या तबेल्यात काम करतो (ग्रिफिन म्हणजे गरुडाचं डोकं, सिंहाचं धड, वर बसून उडायचं), आणि डाव्या हाताची दोन बोटं त्याच जनावराने खाल्लेली. ती दोन बोटं माझ्या डोक्यातली. ग्रिफिन, जमात, त्यांची जुनी भांडणं हे सगळं गेमवाल्यांनी लिहिलेलं, त्याला लोर म्हणतात, आपल्या भाषेत त्या जगाचं पुराणच.

पहिलं पात्र केलं होतं ते मात्र राजाचा लपवून वाढवलेला मुलगा. अंगावर शापाची खूण, बाप कोण ते फक्त मलाच माहीत, सगळं एकदम फिल्मी. तीन रात्री गुत्त्यात बसलो, कुणी धड बोलायलाच येईना, एक-दोन वाक्यं झाली की 'चल उद्या लवकर उठायचंय' करून पात्रं बाहेर. शेवटी एकाने दुहेरी कंसात लिहिलं, दुहेरी कंस म्हणजे हे पात्राचं नाही, माझं स्वतःचं बोलणं, की भाऊ तू राजपुत्र झालास तर आमच्या सगळ्यांच्या गोष्टींत एक राजपुत्र घुसतो, आम्ही त्याचं काय करायचं? तेव्हा राग आला होता, आता वाटतं एवढं चांगलं कुणी समजावलं नव्हतं. बोटं तुटलेल्या तबेलेवाल्याला कुणीही विचारू शकतं, काय झालं रे हाताला. राजपुत्राला एकतर मुजरा करायचा नाहीतर पळ काढायचा.

दुसरी गोष्ट लेखकाला कुणी सांगितली नसावी. भांडण झालं तर 'मी तलवार मारली, तुझं मुंडकं उडालं' असं लिहायचं नसतं. 'तलवार उगारतो' एवढंच लिहायचं, लागली की हुकली ते समोरचा ठरवणार. आता सांगा, नियम नाहीत?

मी मूळचा कुडाळकडचा. लहानपणी जत्रेत दशावतार बघायला रात्रभर बसायचो आणि वाटायचं की नाटक लिहिलेलं असणार, मग मोठेपणी कळलं की संवाद कागदावर नसतातच, आख्यान कुठलं आणि कोण काय होणार एवढं ठरतं, तोंडाला रंग लावता लावता प्रवेश बोलून घेतात आणि बाकी सगळं स्टेजवर उभं राहून. तो काळा संकासुर यायचा, लाल जीभ लोंबतेय, आणि एकदा मालवणीत पेटीवाल्यालाच विचारलंन, 'मोबायलाक रेंज खंय गावता रे?' पुराणात कुठे मोबाईल? पण हसता हसता सगळ्यांना माहीत असतं की याने वेद चोरलेत आणि विष्णू येऊन याला मारणार आहे. एखाद्या रात्री संकासुराने सांगितलं की मी आज मरत नाही, तर विष्णू झालेल्या बिचाऱ्याने मुकुट बांधून करायचं काय, नुसतं उभं राहायचं? आमच्याकडे राजपुत्राचं तेच झालं होतं.

पण मग दुसऱ्या टोकाचे लोक आहेत आणि तो त्रास खरं तर जास्त. आमच्यात एक जण होता, त्याला सगळं तोंडपाठ, कुठली लढाई कधी, कुठल्या सरदाराची बायको कोण. एका रात्री मस्त रंगलं होतं, माझ्या ग्रिफिनच्या पिल्लाचं नाव ठेवत होते सगळे, आणि हा मध्येच की वाइल्डहॅमर डोंगराच्या पोटातल्या राजधानीत राहूच शकत नाहीत, ते उघड्यावर राहणारे, तुझं पात्र चुकीचं आहे. मी म्हटलं अरे २०१० च्या कॅटाक्लिझमपासून, म्हणजे गेमच्या त्या वर्षीच्या पुरवणीपासून, तिथे ड्वॉर्फांच्या तिन्ही जमातींची परिषद बसते, त्यात वाइल्डहॅमर पण आहेत, एकाला तबेल्यात नोकरी लागली तर कुठे बिघडलं? पाऊण तास गेला, दुहेरी कंसांचा ढीग लागला, पिल्लू अजून बिननावाचंच आहे.

आणि ज्या पुराणाच्या नावाने हे भांडतात ते लिहिणारेच विसरतात हो! याच जगातला आधीचा गेम, २००२ चा वॉरक्राफ्ट थ्री, त्याच्या पुस्तिकेत होतं की एरेडार नावाच्या दुष्ट जमातीमुळे सारगेरास हा देवासारखा योद्धा बिघडला. २००७ ला बर्निंग क्रूसेड ही आमच्या गेमची पुरवणी आली त्यात उलटं, एरेडार चांगले होते आणि त्यांना सारगेरासने बिघडवलं. क्रिस मेटझेन, म्हणजे या पुराणाचे व्यासच म्हणा, त्यांनी जाहीर कबूल केलं की चूक माझी. बरं, या उलट्या गोष्टीतूनच ड्रेनाय ही अख्खी जमात खेळायला मिळाली, आमच्यातले दोघं तेच खेळतात आणि भारी खेळतात. म्हणजे व्यासांची चूक चालते, आमच्या तबेलेवाल्याची चालत नाही.

माझ्यापुरता हिशोब असा ठरलाय की माझ्या गोष्टीमुळे दुसऱ्याला स्वतःची गोष्ट बदलावी लागत असेल तर आधी विचारायचं, नसेल तर बिनधास्त लिहायचं. राजा मेला असं मी लिहिलं तर तो सगळ्यांचा मरतो, बोटं माझी एकट्याचीच जातात. परवा एक नवी मुलगी आली, तिचं पात्र अर्धं ड्रॅगन अर्धं राक्षस, वर इलिडनची, म्हणजे या पुराणातल्या एका बड्या शिंगवाल्या योद्ध्याची, मुलगी. आमचा तोंडपाठवाला सुरू होणार एवढ्यात मी माझ्या ड्वॉर्फकडून वदवलं की हिला ताप आलाय, इथे प्यायला की सगळेच इलिडनचे नातेवाईक होतात. ती पण हुशार, लगेच लिहिलं, 'शुद्धीवर येते, डोक्याला हात लावते, शिंगं कुठे गेली विचारते.' आता ती त्याच गुत्त्यात खोटी ड्रॅगनची खवलं विकते आणि आमच्यापेक्षा जास्त गर्दी तिच्याभोवती असते.

तोंडपाठवाल्यांवर माझा राग नाही, हे पण लिहून ठेवतो. २०१० च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, लाल शर्ट घातलेला एक चाहता माईकवर उभा राहिला आणि विचारलं, त्या तीन जमातींच्या परिषदेत वाइल्डहॅमरांचा सरदार फॉल्स्टाड वाइल्डहॅमर का नाही? स्टेजवरच्या कंपनीवाल्यांना वाटत होतं फॉल्स्टाड मेलाय. हा म्हणाला नाही, जिवंत आहे. कंपनीने तपासलं, फॉल्स्टाडला परिषदेत बसवलं, आणि त्याच्या शेजारी लाल शर्टातलं एक छोटं पात्र उभं केलं, नाव वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर. माझा ड्वॉर्फ रात्री तबेला बंद करून तिथून जातो आणि उरलेल्या तीन बोटांनी त्याला सलाम ठोकतो.

— एक वाचक, कोथरूड, पुणे