बंदूक राहू दे, कुलूप घे

प्रिय मनू,

काल फोनवर बाबांनी परत बंदुकीचा विषय काढला आणि तू हसून टाळलंस, म्हणून लिहितेय, कारण मी बोलायला लागले की तू "हो गं आई" म्हणून मोकळी होतेस. तुम्ही दोघं शिडाच्या बोटीने एवढ्या लांब निघालात त्याला माझी ना नाही. पण बोटीवर बंदूक घ्यायची नाही, बाबा काहीही म्हणोत.

पीटर ब्लेक तुला माहितीच आहे, न्यूझीलंडला १९९५ आणि २००० साली शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा अमेरिकाज कप जिंकून देणारा. डिसेंबर २००१ मध्ये अॅमेझॉनच्या मुखाशी, ब्राझीलच्या मकापाजवळ त्याची बोट नांगर टाकून उभी होती, रात्री तोंडं झाकलेले चोर वर चढले, हा रायफल घेऊन पुढे झाला, एकाच्या हाताला गोळी लागलीसुद्धा, आणि मग रायफल अडकली आणि त्यांनी त्याला पाठीत गोळ्या घातल्या. चोरांनी नेलं काय? डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, इंजिन आणि काही घड्याळं. एवढा कसलेला खलाशी आणि सोबत मोठा क्रू, तरी ही गत, तिथे तुम्ही दोघं झोपेतून उठून काय करणार गं?

शिवाय बंदूक असली तर बऱ्याच देशांत पोचल्या पोचल्या कस्टम्सला सांगावी लागते, ते ती ठेवून घेतात आणि निघताना परत देतात. म्हणजे चोर जिथे येतो त्या बंदरातच ती तुमच्याजवळ नाही! आणि लपवली तर तुरुंगात तुम्ही.

बाबांच्या डोक्यात सोमालियाचे चाचे आहेत. ते खोटं नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सहून टांझानियाकडे निघालेलं एक ब्रिटिश जोडपं चाच्यांनी बोटीवरून उचललं, ३८८ दिवस ओलीस ठेवलं. फेब्रुवारी २०११ मध्ये 'क्वेस्ट' नावाची बोट ओमानकडे जाताना पकडली, अमेरिकन नौदलाच्या युद्धनौका मागावर असताना बोटीवरच्या चौघांनाही मारलं. आपली बोट पाच-सहा नॉटने, म्हणजे ताशी दहा-एक किलोमीटरने जाणार, डेक पाण्यापासून हातभर उंच, तिथे पळून जाणं वगैरे विसरा. म्हणून त्यावर उपाय एकच, तिकडे जायचंच नाही. मधे काही वर्षं तिथे शांत होतं पण २०२३ च्या शेवटी परत सुरू झालं आणि लाल समुद्रात मिसाइलं उडायला लागली ती वेगळीच. दक्षिण आफ्रिकेला वळसा लांबचा आहे, वेळ जाईल, जाऊ दे. फिलिपीन्सच्या सुलू समुद्राचंही तसंच. रस्ता ठरवताना "बघू तिथे गेल्यावर" करू नकोस, ही तुझी जुनी सवय आहे.

पण मला खरी काळजी आहे ती डिंगीची. हसू नकोस. बोटवाल्यांचं सगळ्यात जास्त काय जात असेल तर डिंगी आणि तिचं इंजिन, तेही रात्री मागे दोरीला तरंगत ठेवलेली असताना, दोरी कापली की गेली. म्हणून रोज रात्री हॅलयार्डने, शीड वर ओढायच्या दोरीने, वर उचलून डेकच्या उंचीला टांगायची, इंजिनाला कुलूप आणि वर स्टीलची वायर, कंटाळा आला तरी. नवंकोरं इंजिन असेल तर त्यावर कसलाही रंग फासून घाण करून टाक, स्टिकर काढ. आणि डिंगीवर बोटीचं नाव लिहायचं नाही! डिंगी किनाऱ्यावर दिसली की कोणती बोट रिकामी आहे ते लगेच कळतं, आपणच पत्ता देतो.

उकाड्यात हॅच, डेकवरचं झाकण, उघडं टाकून झोपणार तुम्ही, मला माहितीये, तर आतून कडी बसेल असे बार लावून घ्या, वारा येईल पण माणूस येणार नाही. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी, हालचाल झाली की पेटणारा दिवा आणि उशाशी एअर हॉर्न. कॅरिबियनमध्ये असाल तेव्हा बोटींवरच्या चोऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेफ्टी अँड सिक्युरिटी नेटचे रिपोर्ट वाचून मगच खाडी निवडा. तुमचे फोटो तिथून निघाल्यावर टाका, आधी नाही.

आणि तरीही कोणी वर चढलंच तर देऊन टाका. एक जुना फोन आणि थोडी कॅश वेगळ्या पाकिटात वर दिसेल अशी ठेवा. आम्ही इंजिनाचे पैसे देऊ, त्यावरून बाबा बोलले तर मी बघते.

अजून एक, समुद्रात एखादी होडी वेगाने तुमच्याकडे येताना दिसली की लगेच चाचे म्हणून घाबरू नका. बरेचदा ते मच्छीमार असतात, पुढे जाळं टाकलेलं असतं आणि त्यावरून जाऊ नका म्हणून हात हलवत असतात, नाहीतर पाणी, सिगरेट मागायला येतात. आता कल्पना कर, अशा वेळी हातात बंदूक असती तर.

निघायच्या आधी एक काम कर. इपर्ब, ते संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र, रजिस्टर करताना इमर्जन्सी नंबर म्हणून एकट्या बाबांचा दिला आहेस ना? ते चालू झालं की रेस्क्यू सेंटर आधी त्या नंबरवर फोन करतं, आणि बाबा रात्री फोन बंद करून झोपतात. माझा नंबर पहिला टाक. आणि तुझा मेसेज आला नाही तर किती दिवस वाट बघून कोणाला कळवायचं ते मला लिहून पाठव, दोन दिवस की चार, उगाच मी तुला अडवतेय असं नको व्हायला.

तुझी
आई