मुंबईत पास काढावा की सुटं तिकीट?

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. रोहित यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. मुक्काम दादरला आत्याकडे, दिवस चार, माणसं चार, आणि ‘एकदाच पास काढून टाकतो, मग कटकट नाही’ असं तुझं म्हणणं. सगळ्यात चालेल असा एकच पास मुंबईत नाही, तेव्हा कटकट निम्मीच जाईल आणि पैसे मात्र पुरते जातील. लोकल रेल्वेची, लाल बस बेस्टची, मेट्रोचेही मार्ग वेगवेगळ्या कंपन्यांकडे. ज्याचा पास त्याच्याच गाडीत. ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ अ‍ॅप आलं, त्यात लोकल, मेट्रो आणि बेस्टची तिकिटं एका जागी निघतात. भाडं मात्र ज्याचं त्याला, बेरीज करूनच कापलं जातं. त्याला पास समजू नको.

पहिल्यांदा कागद घे आणि रोज कुठं कुठं चढणार-उतरणार ते लिही. पासचा विचार त्यानंतर.

लोकलचं बघ. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट 5 रुपये, आणि दादर ते सीएसएमटी त्यातच बसतं. जाऊन-येऊन माणशी 10. रेल्वेचा पर्यटकांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचा पास असतो. त्यातला दुसऱ्या वर्गाचा एक दिवसाचा पाऊणशेच्या घरात जातो. तो वसूल करायचा तर दिवसात दादर-सीएसएमटी पंधरा वेळा करावं लागेल. मुलं घेऊन कोण करतंय? पाच दिवसांचा पास दिवसाच्या हिशेबानं बराच स्वस्त पडतो, पण तो विरार-कल्याण-पनवेल अशी रोज धावपळ करणाऱ्याचा. दादरमध्ये राहून दक्षिण मुंबई बघणाऱ्याला नाही.

पासचा खरा फायदा रांग वाचते हा आहे, आणि ती फुकटातही वाचते. रिटर्न तिकीट काढायचं. पैसे दुप्पटच पडतात, पण संध्याकाळी खिडकीवर उभं राहावं लागत नाही. मोबाइलवर काढणार असशील तर स्टेशनात शिरण्याआधी काढ, फलाटावर आलास की अ‍ॅप तिकीट देत नाही. काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू व्हायला हवा, म्हणून घरून नाश्ता करता करता काढून ठेवू नको. टीसीला तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि बॅटरी संपली तर तू विनातिकीट. चौघांचं एकाच तिकिटावर निघतं, पण मधुरा मुलांना घेऊन लेडीज डब्यात बसणार असेल तर तिचं आणि मुलांचं तिच्या फोनवर वेगळं काढ. नाहीतर तिकीट तुझ्या खिशात आणि टीसी तिच्यासमोर. ईशा नऊ वर्षांची, तिचं अर्धं. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, म्हणजे ओमचं नाही.

पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून चढू नका. डब्यावर रंगीत तिरके पट्टे असतात ते बघ. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिथं सापडलं तर भाड्यातला फरक आणि वर किमान 250 रुपये दंड. एसी लोकलचंही तिकीट वेगळं असतं, साधं तिकीट चालत नाही.

आता बेस्ट. पास घ्यावा की नको हा खरा प्रश्न इथंच पडतो. 9 मे 2025 पासून साध्या बसचं किमान भाडं 10 आणि एसीचं 12 झालं, पहिल्या पाच किलोमीटरला. पाच ते दहा किलोमीटरला साधी 15, एसी 20. दिवसाचा पास 75. म्हणजे जवळजवळच्या एसी फेऱ्या सहा झाल्या तर 72, पास तोट्यात. सातवी झाली की 84, पास फायद्यात. साध्या बसनं फिरलास तर आठव्या फेरीला पास सुटतो. लांबच्या, 20 रुपयांच्या, चार फेऱ्या असतील तर चौथ्यालाच. हे आकडे कागदावर वरच लिहून ठेव.

आणि दिवस म्हणजे तारीख. दुपारी तीनला काढलास तर दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत चालत नाही, रात्री बारालाच संपतो. पास माणशी एक. एकाच पासवर दोघं म्हटलं तर कंडक्टर ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं म्हणून बेस्टमध्येही असेल असं मधुराला वाटेल, तिथं ते नाही.

आता तुझे चार दिवस. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह हा पहिला दिवस: लोकल जाऊन-येऊन 10, सीएसएमटीहून पुढं दोनदा एसी बस 24, एकूण माणशी 34. दोन्हीकडचे पास घेतले असतेस तर दीडशे. गेटवे ते म्युझियम तर बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळाला जावं इतकंच अंतर आहे, चालतच जा. सीएसएमटीबाहेर 115 नंबरची एसी डबलडेकर दिसली तर वरच्या मजल्यावर मुलांना बसव, तिकीट खालच्याइतकंच.

एलिफंटाच्या दिवशी कसलाच पास नको. लाँचमध्ये जायला तास, यायला तास, मधला वेळ बेटावर. लाँचचं तिकीट वेगळं, जाण्यायेण्याचं मिळतं. परतीचा भाग जपून ठेव. सोमवारी लेणी बंद असतात.

तिसरा दिवस राणीची बाग, महालक्ष्मी, नेहरू सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, शिवाजी पार्क. त्या दिवशी बेस्टचा पास घे. फेऱ्या मोजल्या तर सहा होतात, त्यातल्या दोन पाच किलोमीटरच्या पुढं गेल्या तरी 88 होतात आणि पास सरस ठरतो. अगदी बरोबरीत सुटला तरी घे म्हणेन. मुलं दमली की दोन स्टॉपसाठी बस पकडावी लागते, आणि तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट काढायचं म्हटलं की आपण उगंच त्यांना चालवतो. राणीची बाग बुधवारी बंद, तेवढं सोडून दिवस ठरव.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कला दादरहून लोकलनं माणशी 10, परत 10. तिकडच्या मेट्रोचा दिवसभर कितीही फिरा असा 80 रुपयांचा पास जाहिरातीत दिसेल. तो फक्त 2अ आणि 7 या दोन मार्गांवर, अंधेरी-दहिसरकडं चालतो. तुझ्या कामाचा नाही. पार्क सोमवारी बंद असतं.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो मुलांना एकदा दाखव. दादर, सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, हुतात्मा चौक ही स्टेशनं तिच्यावर आहेत. भाडं अंतराप्रमाणं 10 ते 70. मेट्रोत अर्धं तिकीट नसतं, वय नाही उंची बघतात: तीन फुटांच्या आतलं मूल फुकट, वरचं पूर्ण. ओमची उंची निघण्याआधी मोजून घे. भुयारात नेटवर्कचा भरवसा धरू नको, तिकीट वरच काढ. कार्ड घेतलंस तरी एका कार्डावर एकच माणूस आत जातो. दुसऱ्यासाठी तेच टेकवलंस तर गेट उघडत नाही आणि मागची रांग ओरडते.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद ठेवतात. कुठल्या मार्गावर ते शनिवारी पेपरात बघ, आणि त्या दिवशी लोकलवर भिस्त ठेवू नको. इतर दिवशी सकाळी आठ ते अकरा दादरहून सीएसएमटीकडं मुलांना घेऊन चढू नको.

महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला थांबते, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येऊ नका. आत्याला आंबोळीचं पीठ पाठवतो आहे, डबा मधुराच्या पिशवीत दे.

मुलांना गोड पापा.

तुझा,
आण्णा