अ‍ॅस्परॅजिनेज रक्तात किती उरते, ते मोजायची सोय करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, हा एक रक्तकर्करोग. त्याच्या पेशींच्या चयापचयात एक मोठी उणीव असते आणि उपचारातले एक मुख्य औषध, अ‍ॅस्परॅजिनेज, त्या उणिवेवरच चालते. राज्याची औषध खरेदी ती लक्षात घेऊन व्हावी आणि औषध रक्तात किती उरते ते मोजले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आपल्या बहुतेक पेशी स्वतः बनवतात. अ‍ॅस्पार्टिक आम्लाला ग्लुटामिनकडचा नायट्रोजन जोडायचा, हे काम एटीपी या पेशीतल्या इंधन-रेणूची ऊर्जा खर्चून अ‍ॅस्परॅजिन सिंथेटेज नावाचे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) करते. या कर्करोगाच्या पेशींत ते फार कमी असते. त्यांची वाढ मात्र झपाट्याची, त्यामुळे लागणारे अ‍ॅस्परॅजिन त्या रक्तातून उचलतात. गिनी पिगच्या रक्तद्रवाने उंदरांतल्या लिम्फोमाच्या गाठी विरघळतात हे जॉन किड यांनी 1953 मध्ये नोंदवले. ते काम अ‍ॅस्परॅजिनेजचे, हे जॉन ब्रूम यांनी 1961 मध्ये दाखवले. आज हे एन्झाइम मुख्यतः ई. कोलाय जीवाणूंपासून मिळवतात. ते रक्तातल्या अ‍ॅस्परॅजिनचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया करते, आणि कर्कपेशीची रसद तुटते.

ही रसद सलग तुटलेली राहायला हवी. त्यासाठी पुढच्या डोसच्या आधीही रक्तात दर मिलिलिटरला एन्झाइमची किमान 0.1 युनिट क्रियाशीलता (काम करण्याची क्षमता) असावी लागते. साध्या ई. कोलाय औषधाचे अर्धायुष्य (रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ) सव्वा दिवसाच्या आसपास, म्हणून ते दोन-तीन दिवसांआड द्यावे लागते. पेगायलेटेड, म्हणजे जास्त टिकावे म्हणून पॉलिमरची साखळी जोडलेल्या, प्रकाराचे पाच-सहा दिवस. कुपीवर 10,000 युनिट छापले असले, तरी आतले प्रथिन बिघडलेले किंवा अशुद्ध असेल तर ही पातळी गाठली जात नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या काही बायोजेनेरिक (मूळ औषधाच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी बनवलेल्या) अ‍ॅस्परॅजिनेजचा दर्जा असमाधानकारक असल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे. केवळ सर्वांत कमी दर पाहून निविदा मंजूर करणे या औषधाच्या बाबतीत मुलांच्या जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. जीवाणूचे प्रथिन परके, त्यामुळे काही मुलांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली तर डॉक्टर सावध होतात. पण अनेकदा काहीच लक्षण नसते आणि औषध रक्तात जाताच निकामी होते. स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीची औषधे आधी दिली असतील तर उरलेली खूणही झाकली जाते. हे फक्त रक्ततपासणीत कळते.

ही तपासणी अवघड नाही. प्लाझ्मात (रक्ताच्या द्रवभागात) अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड हायड्रॉक्सामेट हे रसायन मिसळायचे. एन्झाइम जिवंत असेल तर हायड्रॉक्सिलअमिन सुटते, त्याचा 8-हायड्रॉक्सिक्विनोलिनशी रंग येतो आणि तो प्लेट रीडर या रंगमापक यंत्रावर मोजता येतो. खुद्द अ‍ॅस्परॅजिन मोजणे मात्र फसवे, कारण नळीत घेतलेल्या रक्तातही एन्झाइम त्याचा फडशा पाडत राहते. म्हणून आमचा आग्रह क्रियाशीलतेच्या चाचणीचा आहे. साध्या औषधात पुढच्या डोसच्या लगेच आधी, पेगायलेटेड असेल तर सातव्या आणि चौदाव्या दिवशी नमुना घ्यावा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्येकी एक केंद्र झाले तरी जिल्ह्यांतून नमुने पाठवता येतील. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये या चाचणीचा खर्च स्पष्टपणे धरावा.

महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या निविदेत प्रत्येक बॅचची स्वतंत्र प्रयोगशाळेतली क्रियाशीलता आणि जीवाणूंच्या इतर प्रथिनांचे प्रमाण मागावे. साठवण 2 ते 8 अंश सेल्सियसलाच हवी, गोठवण नको. गोदामापासून वॉर्डापर्यंत तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र खोक्यासोबत जावे. कुपी जोरात हलवू नये, फेस आला की प्रथिन बिघडते, हेही वॉर्डातल्या परिचारिकांना लेखी द्यावे. आणि ज्या मुलांत ई. कोलायचे औषध निकामी ठरेल, त्यांच्यासाठी एर्विनिया जीवाणूपासूनचे अ‍ॅस्परॅजिनेज थोड्या साठ्यात तरी ठेवावे. ते आयत्या वेळी शोधायला निघालो तर ठरलेले डोस चुकतात.

आपले नम्र,
रक्तकर्करोगावर काम करणारे डॉक्टर व प्रयोगशाळा तंत्रज्ञ