राणीचे केस, खळ आणि काळा दोरा

लंडन,
रविवार दुपार

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

प्रोजेक्टबद्दल फोनवर नीट सांगणं होत नाही. तुझ्याकडे पार्लरमध्ये गिऱ्हाईक बसलेलं असतं, माझ्या इथे मैत्रिणींचा गोंगाट. म्हणून आज निवांत लिहायला बसले. बाबांनाही वाचून दाखव. केसांत दोन वर्षं शिकण्यासारखं काय असतं, असं ते मला अजून विचारतात, आणि या पत्रात त्याचं उत्तर त्यांना मिळेल असं वाटतं.

या टर्मचा विषय असा: पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली फॅशन अभ्यासायची आणि तिच्यावरून आजच्या माणसाला आज मिरवता येतील अशा केशरचना करायच्या. नाटकातल्या राणीचा टोप करून दाखवला तर गुण नाहीत. राणीचा काळ म्हणजे 1558 ते 1603. तिकडे अकबर गादीवर होता तोच हा काळ.

ट्रफाल्गर चौकाजवळ नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे, तिकीट लागत नाही. तिथे राणीचं 1592 च्या सुमाराचं एक चित्र आहे, डिचली पोर्ट्रेट म्हणतात त्याला. जवळजवळ आठ फूट उंच. राणी इंग्लंडच्या नकाशावर उभी आहे, मागे एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला विजा. लोक झगा बघतात, मोती बघतात. मी कपाळ आणि मान बघत बसते. कपाळ पार वरपर्यंत मोकळं, केस उंच चढवलेले आणि मानेवर एकही बट नाही. ग्रीनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये आर्माडावरच्या, म्हणजे स्पेनच्या आरमारावरच्या विजयाचं चित्र आहे, त्यातही तेच. आधी मला वाटलेलं की ही नुसती आवड असेल. पण त्यामागे चोख कारण आहे, आणि ते केसांत नाही, कॉलरमध्ये आहे.

गळ्याभोवती चुण्यांची ती मोठी गोल कॉलर असते ना, तिला रफ म्हणतात. सुरुवातीला ती सदऱ्याच्या गळ्याची बारीकशी झालर होती. मग 1564 मध्ये डिंगेन व्हॅन डेन प्लास नावाची एक फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची बाई लंडनला आली आणि तिने इथल्या लोकांना कपड्याला खळ कशी द्यायची ते शिकवलं. शिकवणीचे चार-पाच पौंड घ्यायची आणि खळ शिजवायची कृती सांगायचे वीस शिलिंग वेगळे! त्या काळी ही रक्कम भारीच होती. खळ आली तशी झालर ताठ उभी राहू लागली, रुंद होत गेली, पुढे तर तिला खालून तारेचा आधार द्यावा लागला. एवढी कॉलर गळ्यात असताना केस मानेवर सोडणार कुठे? खळीच्या कपड्याला केसांचं तेल लागलं की तो गेला. म्हणून केस वर गेले. वर गेले तसे मागच्या रुंद पांढऱ्या चकतीपुढे डोकं लहान दिसू लागलं, म्हणून मग केसही फुगवावे लागले. आई, हे समजलं त्या दिवशी मला झोप आली नाही. एका बाईच्या हातातल्या खळीच्या भांड्याने सगळ्या दरबाराची डोकी बदलली. केशरचना एकटी कधी नसतीच. गळा, खांदे, कापड, दागिना यांचा हिशेब करूनच ती उभी राहते. तू नवरीचा अंबाडा घालण्याआधी ब्लाउजचा गळा बघतेस, नथ बघतेस, शेला कुठून येणार ते विचारतेस. मी लहानपणी ते नुसतं बघत होते, आता त्याचं शास्त्र शिकतेय.

आता फुगवायचे कसे? स्प्रे नाही, यू पिन नाही, बॉबी पिन नाही. कानशिलांवर दोन्हीकडे गाद्या ठेवून त्यांच्यावरून केस मागे घेत. तू जुड्यात स्टफिंग घालतेस तीच युक्ती. मधोमध कपाळावर किंचित खाच ठेवली की समोरून बदामाचा आकार दिसे. कुरळे करायला तापवलेली लोखंडी सळई. आणि धरून ठेवायला फीत. ही पद्धत आम्हाला वर्गात करायला लावली. केसांच्या दोन पेडांत फीत गुंफून वेणी घालायची, ती डोक्याभोवती फिरवायची आणि मग मोठ्या बोथट सुईत फीत ओवून ती वेणी खालच्या केसांना अक्षरशः शिवायची. सुई टाळूला लागू द्यायची नाही, केसांच्या मुळाशी आडवी न्यायची, दर टाक्याला थोडी ढील द्यायची. शिवून झाल्यावर मैत्रिणीने मान झटकून पाहिली, उड्या मारून पाहिल्या, काही हललं नाही. एकही पिन नाही आणि डोकं दुखत नाही. पार्लरमध्ये चाळीस पिना खुपसून घेतलेल्या नवऱ्या मला आठवल्या. हे तुला करून दाखवायचंय. लग्नसराईत उपयोगी पडेल.

त्या काळी याला नावं ठेवणारेही होतेच. फिलिप स्टब्ज नावाच्या एका कर्मठ गृहस्थाने 1583 मध्ये बायकांवर सडकून टीका केली, की केस कुरळे करून या कानापासून त्या कानापर्यंत मांडतात आणि पडू नयेत म्हणून खालून तारांचे टेकू लावतात. रागाच्या भरात त्याने इतकं बारीक वर्णन केलंय की आज आम्ही विद्यार्थी त्यावरूनच आधार कसे असतील ते ताडतो.

टोपाची गोष्ट मात्र मला जड गेली. राणीच्या पोशाखखात्याच्या हिशेबात केसांचे टोप आणि केसांच्या शोभेच्या वस्तू घेतल्याच्या नोंदी आहेत. राणीला 1562 मध्ये देवी आल्या होत्या, जगते की नाही अशी अवस्था झाली होती. वय वाढलं तशी तांबूस केसांचे टोप वापरू लागली. तिची चुलत नात्यातली वैरीण, स्कॉटलंडची मेरी राणी, 1587 च्या फेब्रुवारीत तिचा शिरच्छेद झाला. जल्लादाने डोकं उचलायला केस धरले तर हातात टोप आला, आणि खाली आखूड पांढरे केस होते. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. त्या बाईने मरायला जातानाही केस नीट लावले होते याचं मला हसू येत नाही, मला तिचा आदर वाटतो.

आणि हे केस यायचे कुठून? शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये एक पात्र म्हणतं की डोक्यावरच्या त्या सोनेरी बटा बऱ्याचदा दुसऱ्याच डोक्याच्या असतात, आणि ते डोकं थडग्यात असतं. म्हणजे मेलेल्या माणसाचे केस विकले जातात हे तेव्हा प्रेक्षकांना माहीत होतं. हे वाचताना मला अमळनेरचीच आठवण झाली. दुपारी “केसावर फुगेऽऽ” ओरडत माणूस गल्लीत यायचा आणि तू डब्यात साठवलेलं गुंतवळ मी त्याला देऊन फुगा घ्यायचे. ते केस पुढे कुठे जातात हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. तिरुपतीला उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो हे तुला माहीतच आहे. ते केस टोपांसाठी, एक्स्टेन्शनसाठी जगभर जातात. इथल्या सामानाच्या दुकानात पाकिटावर ‘इंडियन हेअर’ असं लिहिलेलं असतं, किंमत बघून डोळे फिरतात, आणि ज्या बाईचे ते आहेत तिचा कुठे उल्लेख नाही. मी ठरवलं की माझ्या कामात असे निनावी केस वापरायचे नाहीत. ज्याचं डोकं त्याचेच केस, आणि आधाराला लागेल ते सूत, लोकर, दोरा. शिवाय तो आधार लपवायचा नाही. दरबारात गाद्या आणि तारा झाकण्यात सगळं कसब जायचं. मला ते उघडं दाखवायचंय, कारण माझ्या मते त्या रचनेतली खरी सुंदर गोष्ट तो आधारच आहे.

चार रचना करायच्या आहेत. त्यातली मला सगळ्यात आवडलेली आधी सांगते. माझी एक वर्गमैत्रीण नायजेरियन घरातली आहे, योरुबा. तिचे केस दाट, घट्ट कुरळे, आणि वर उभे राहणारे. दरबारातल्या बायका जो फुगवटा तारा लावून आणत तो तिच्याकडे जन्मजात आहे. मी बदामाचा आकार कसा धरावा म्हणून चाचपडत होते, तेव्हा तिनेच तिच्या आईची पद्धत दाखवली. केसांची एक बट वेगळी काढायची, मुळापासून काळा दोरा घट्ट गुंडाळत टोकापर्यंत जायचं. बट काडीसारखी ताठ होते आणि वाकवाल तशी वाकते. आम्ही कपाळापासून मागे अशा बटा घेतल्या, त्यांच्या कमानी केल्या, कमानीची टोकं एकमेकींना बांधली. तयार झाला तो पिंजरा पूर्णपणे तिच्याच केसांचा आणि दोऱ्याचा. दोन कमानी मिळतात तिथे फक्त एकेक मोती शिवला. मोती सगळीकडे पेरायचा मोह होत होता, पण राणीच्या चित्रातही चांगला मोती तोच दिसतो ज्याच्या भोवती मोकळी जागा आहे. शिकवणाऱ्या बाई बराच वेळ तिच्याभोवती फिरून बघत होत्या, आणि शेवटी “दोरा कोणी शिकवला?” एवढंच विचारलं. मी मैत्रिणीच्या आईचं नाव फाइलमध्ये पहिल्या पानावर घातलंय.

दुसरी एका मुलासाठी आहे. साउदॅम्प्टनचा अर्ल म्हणून शेक्सपिअरचा आश्रयदाता होता, त्याच्या चित्रात लांब केस खांद्यावरून पुढे आलेत. तेव्हाच्या तरुणांत एक लांब बट पुढे सोडायची फॅशन होती. मी बाजू मशीनने बारीक केल्या, एकच बट लांब ठेवली आणि तिला फीत गुंफली. सोपी आहे, देखणी आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या रचनेत आखूड केसांनाच रफसारख्या चुण्या घालायचा प्रयत्न चाललाय. अजून मनासारखं जमलेलं नाही.

चौथी माझ्या जिव्हाळ्याची. 1596 मध्ये राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे सल्लागार मंडळाने हुकूम काढला की राणीची न शोभणारी चित्रं शोधून नष्ट करा. शेवटच्या वर्षांत चित्रकार तिचा तरुण चेहराच रंगवत राहिले. हॅटफिल्ड हाउसमधल्या चित्रात ती तरुण मुलीसारखी खांद्यावर बटा सोडून उभी आहे, तेव्हा तिची सत्तरी जवळ आली होती. जगातल्या एवढ्या बलवान बाईला स्वतःचे पांढरे केस दाखवता आले नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून माझी चौथी रचना सत्तरीच्या बाईसाठी आहे. कॉलेजला मॉडेल म्हणून येणाऱ्या एक बाई तयार झाल्या आहेत. केस पातळ, पूर्ण पांढरे. त्यांना रंग लावणार नाही, गंगावन जोडणार नाही. त्यांचेच केस पांढऱ्या सुती फितीबरोबर गुंफून डोक्याभोवती शिवणार, कपाळ उघडं ठेवणार, आणि फीत दिसू देणार.

बाबांना सांग, नोकरीची काळजी करू नका. इथे मोठ्या थिएटरांत टोप आणि केसांचा स्वतंत्र विभाग असतो, जाळीवर एकेक केस गाठ मारून टोप विणणारे लोक असतात आणि त्यांना मान असतो. मी तेही शिकतेय. डोळे दुखतात, पण हात बसतोय.

आता तुझ्याकडून दोन कामं हवीत. एक, आपल्याकडे मिळतात ते चांदीचे साधे आकडे, खड्याचे नकोत, येणाऱ्या कोणाबरोबर पाठव. दुसरं जास्त महत्त्वाचं. आजी एकही पिन न लावता केसाला केसाचीच गाठ मारून अंबाडा घालते, ते मला नीट बघायचंय. पातळ केस तिच्या हातात कसे टिकतात हे मला चौथ्या रचनेसाठी कळायलाच हवं. तिचा व्हिडिओ काढ, पण मागून आणि जवळून. तिची बोटं दिसली पाहिजेत, आणि शेवटचा पेच ती कुठे खोचते तिथे जरा थांब. आजीला म्हणावं पदर डोक्यावर घेऊ नकोस, लंडनच्या वर्गात तुझे केस दाखवायचे आहेत. ती नाही म्हणाली तर तिला माझ्याशी बोलायला दे, मी समजावते.

आजीला आणि बाबांना नमस्कार. भावाला परीक्षेसाठी शुभेच्छा.

तुझी,
धाकटी