चटईचं मिश्रण आणि गिऱ्हाइकांचा भाव: मुलीस पत्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

प्लास्टिक चटईच्या युनिटची निर्यात आता तू बघणार, म्हणून हे सविस्तर लिहितोय. गुपित न्यायला कोणी कुलूप फोडत नाही बेटा. ते रिकाम्या गोणीवर, बिलावर नाहीतर कोणाच्या मोबाइलमध्ये बसून आपल्याच फाटकातून जातं.

जपायचं दोनच: मिश्रणाचं प्रमाण, आणि कोणत्या देशात कोणाला काय भावाने माल जातो. लूम आणि एक्स्ट्रुडर (दाणा वितळवून पट्टी काढायचं यंत्र) जळगाव एमआयडीसीत सगळ्यांकडे आहेत, ते लपवण्यात वेळ घालवू नकोस.

मिक्सरवरच्या माणसाच्या हातात यादी देऊ नकोस, थैली दे. यूव्ही (उन्हापासून बचावाचा) आणि रंगाचा मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायचा तीव्र दाणा, वेगळ्या खोलीत वजन करून सीलबंद करायचा, वर फक्त के-१, के-२ लिहायचं. १०० किलोच्या घाण्याला एक थैली. पीपी दाणा (मूळ प्लास्टिक) आणि फिलर (भरीची पूड) त्याने डोळ्यांदेखत टाकला तरी मूळ गोष्ट कळत नाही. एवढं पुष्कळ जण करतात, आणि मास्टरबॅचच्या रिकाम्या गोण्या तशाच भंगारवाल्याला देतात. गोणीवर कंपनी, ग्रेड, लॉट सगळं छापलेलं असतं. छापील भाग कापून काढल्याशिवाय गोणी बाहेर जाऊ देऊ नकोस.

दुसरी फट टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. महिन्याची यूव्हीची खरेदी आणि महिन्याचं उत्पादन एकाच माणसाला दिसलं की भागाकार करून प्रमाण निघतं. खरेदी आणि स्टॉकचे अधिकार वेगळ्या युजरना दे, पासवर्ड सामायिक नको. पाहुणा आला तर मोबाइल फाटकावर ठेवायचा, आणि एक्स्ट्रुडरच्या तापमानाच्या पॅनेलवर झाकण. परदेशी 'नवा गिऱ्हाईक' पहिल्याच मेलमध्ये डेटाशीट आणि खर्चाची फोड मागत असेल, तर आधी त्याच्या कंपनीची नोंदणी तपास. नमुना दे, फोड कधीच नको.

गिऱ्हाइकांची यादी सहसा सेल्सच्या माणसाच्या खासगी व्हॉट्सअॅपवरून जाते. सिम कंपनीच्या नावावर असावं, मेल कंपनीच्या डोमेनवर. प्रत्येक एजंटाच्या भावपत्रात कुठेतरी छोटा फरक ठेव: एखाद्या मापाचा भाव काही पैशांनी वेगळा. पत्र फुटलं तर कोणाकडून फुटलं ते लगेच कळतं. मला ही युक्ती सगळ्यांत उपयोगी वाटते.

शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडे भरायचा कागद, त्याबद्दल: सीमाशुल्क कायद्यात २०२२ मध्ये कलम १३५ एए आलं. निर्यात मालाची किंमत, प्रमाण, वर्गीकरण कायद्याने मुभा नसताना प्रसिद्ध करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र अमेरिकेत जहाजाच्या मॅनिफेस्टवरची (मालाच्या यादीवरची) नावं बाहेर मिळतात. तिथल्या आयातदाराने तिथल्या कस्टम्सकडे अर्ज केला तर त्याचं आणि पुरवठादाराचं, म्हणजे आपलं, नाव दोन वर्षं झाकतात. पहिला कंटेनर निघायच्या आत हा अर्ज करायला लाव. मुदत संपायच्या आधी पुन्हा करावा लागतो, लोक तेच विसरतात.

आता माणसं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये अशी अट लिहून घेण्यात अर्थ नाही, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. गोपनीयतेचा करार मात्र कर, आणि त्यात नुसतं 'सर्व माहिती' न लिहिता मिश्रण, भावपत्र, गिऱ्हाइकांची यादी असं नावानिशी लिही. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली आहे. तोवर करार आणि विश्वासभंगावरच लढायचं. तेव्हा आपण गुपित गुपितासारखं ठेवलं होतं, हे दाखवावं लागतं. म्हणून थैल्या कोणी भरल्या, कोणाला दिल्या, त्याची वही रोज भर.

माणूस सोडून गेला की त्याच दिवशी मेल, टॅली बंद कर, रिकव्हरी नंबर बदल. त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करून दुसऱ्याला देण्याची घाई करू नकोस. चोरी नंतर उघड झाली तर पुरावा त्यातच असतो, आणि तो कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. सहा महिने तरी कपाटात असू दे.

गोण्यांचं आजच सांग. भंगाराची गाडी शनिवारी येते.

तुझे,
आप्पा