हिरवा शिक्का नेमका कशाचा?

महोदय,

लाकडी सामानावर हिरवा शिक्का दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त होते. तो कशाचा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ‘आयएसओ १४००१’ हे १९९६चे मानक कारखान्याच्या पर्यावरण व्यवस्थापनापुरते आहे. सांडपाणी, भुसा, धूळ यांची नोंद ठेवा, सुधारणा करा, एवढेच. ओंडका कुठल्या जंगलातला, याची हमी त्यात नसते. विक्रेते मात्र दोन्ही गोष्टी एका दमात सांगून मोकळे होतात.

जंगलाबद्दल बोलतात ती एफएससी (स्थापना १९९३) आणि पीईएफसी (स्थापना १९९९) या, जंगले जबाबदारीने राखली जातात याचे प्रमाणीकरण चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची प्रमाणपत्रे. तिथेही मेख आहेच. एफएससीच्या लेबलावर ‘१०० टक्के’ असेल, तर सारे लाकूड प्रमाणित वनातले. ‘मिक्स’ असेल, तर अप्रमाणित पण ‘नियंत्रित’, म्हणजे बेकायदा तोडीसारखे धोके टाळून घेतलेले, लाकूडही चालते. शिवाय आरागिरणी, प्लायवूड कारखाना, घाऊक व्यापारी, अशी मालकी जिथे जिथे बदलते तिथे प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवे. मधली एक कडी निसटली की पुढचा दावा संपला.

मी एकदा प्लायच्या पाठीवरचा परवाना क्रमांक प्रमाणपत्राच्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. प्रमाणपत्र केव्हाच रद्द झालेले! दुकानदार शांतपणे म्हणाला, “छाप जुना आहे साहेब, माल नवाच आहे.” यावर काय बोलणार?

प्रमाणित माल विकणाऱ्याने बिलावर दावा आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहावा, असा या साखळीचा नियमच आहे. मोठी खरेदी करणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांनी आणि सरकारी खात्यांनी तरी लेबलाऐवजी ते बिल मागावे.

– एक फर्निचर व्यावसायिक